झारी कोणत्या हातात

भिंगकाकांच्या चष्म्याच्या दुकानात शिरलं की एका भिंतीला फ्रेमा, दुसऱ्या भिंतीशी नंबर तपासायची खुर्ची, आणि अगदी समोर, जिथे खरं तर भारीतला माल मांडायचा, त्या काचेच्या कपाटात खेळणी. बाहुल्या नव्हेत की मोटारी नव्हेत. हातात धरून बघायचे छोटे सिनेमे, म्हणजे व्ह्यूअर. कुणी प्लास्टिकचा, कुणी पत्र्याचा, कुणी बंदुकीच्या आकाराचा. एका टोकाला डोळा लावायचं भिंग, दुसऱ्या टोकाला उजेड आत यायची काच, कुशीला दांडी. वरून फिल्मची चपटी कॅसेट खोचायची, उजेडाकडे तोंड करायचं आणि दांडी फिरवायची. आत मांजर पळतं, विदूषक आपटतो, आगगाडी बोगद्यात शिरते. फिल्मची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवलेली असतात, त्यामुळे बोगद्यात गेलेली गाडी पुन्हा पहिल्या वळणावर हजर.

ह्या नादाची सुरुवात एका गिऱ्हाइकाने केली. त्याच्या लहानपणीच्या खेळण्याचं भिंग पडलं होतं. काकांनी जुन्या चष्म्याची काच घासून बसवून दिली, नीट बसली की नाही हे पाहायला दांडी फिरवली, आणि तिथेच अडकले. आत एक जाडा माणूस टोपीच्या मागे धावत होता. काका बराच वेळ टोपी कधी सापडते त्याची वाट बघत राहिले. ती सापडणार नव्हतीच. पण तेव्हापासून भंगारवाले, जुन्या बाजारातले दुकानदार, घर आवरणारे लोक, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं. काकू हिशेबाच्या टेबलामागून म्हणायच्या, "लोकांचे डोळे सुधारता सुधारता तुमचे फिरले." पण एखादी नवी कॅसेट आली की पहिली मागून घ्यायच्या त्याच.

ओळखीच्या भंगारवाल्याने आणलेला तो करडा, पत्र्याचा व्ह्यूअर मात्र काकांच्या डोक्याला ताप झाला. त्याच्यासोबत एकच कॅसेट होती. तिच्यावर सायकल चालवणाऱ्या माकडाचं चित्र. काकांनी ती लावली, डोळा टेकवला, तर माकड नाही, सायकल नाही. घराच्या पायऱ्या. त्या उतरत एक मुलगी येते, अंगात ठिपक्यांचा फ्रॉक, हातात झारी. कडेच्या कुंड्यांना पाणी घालते. मग तिला कळतं की आपल्याला कुणीतरी टिपतंय. ती हसते, हनुवटी वर करते आणि झारीतलं पाणी सरळ बघणाऱ्याच्या अंगावर फेकते. सगळं धूसर होतं. आणि परत पायऱ्या.

कुणीतरी घरच्या कॅमेऱ्यावर घेतलेली फिल्म कापून माकडाच्या कॅसेटमध्ये भरली होती, एवढं उघड होतं. पण कुणी? का? आणि माकड गेलं कुठे? काका दिवसातून दोनदा तरी तो व्ह्यूअर डोळ्याला लावत. प्रत्येक वेळी पाणी आलं की मान मागे घेत.

"कोण आहे हो ही?" काकूंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही."

"तुमची कुणी नाही ना?"

"माझी असती तर कळलं नसतं का?" काका म्हणाले, आणि आपण नक्की काय बोललो ह्याचा विचार करत बसले.

पुढे एका सकाळी दोन म्हाताऱ्या दुकानात आल्या. नणंद-भावजय. दोघींची मोतीबिंदूची ऑपरेशनं काकांच्याच ओळखीच्या डॉक्टरकडे झालेली, चष्मे इथलेच. मुळात त्या शाळेतल्या मैत्रिणी. एकीने दुसरीच्या भावाशी लग्न केलं म्हणून नणंद-भावजय झाल्या. भाऊ वारल्यावर दोघी एकाच घरात राहत होत्या. मूड बरा असला की अगं-तुगं चालायचं. भांडण निघालं की लगेच 'वन्सं' आणि 'वहिनी'. त्यावरून काकूंना हवामान कळायचं.

नणंदबाईंना नवा चष्मा करायचा होता आणि वहिनींना नवी फ्रेम हवी होती. ती लावून आरशात बघता बघता त्यांची नजर आरशातूनच मागच्या कपाटावर गेली.

"अगं, ते करडं बघ. आपल्याकडे अस्संच होतं. घर बदललं तेव्हा भंगारात गेलं."

"दादाचं," नणंदबाई म्हणाल्या. "पोचा होता त्याला खालच्या अंगाला."

काकांनी व्ह्यूअर काढून उलटा केला. पोचा होता.

एरवी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवल्याशिवाय काही न दाखवणारे काका त्या दिवशी घाईघाईत म्हणाले, "बघा बरं आधी, ओळखता का कुणाला." त्यांना वाटलं, सुटलो, आज उलगडा होणार.

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. दांडी हळूहळू फिरू लागली. मग थांबली. मग परत फिरू लागली. बऱ्याच वेळाने त्या खाली बसल्या.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी माझी फिल्म घेतली होती. लग्नाच्या आधी. मला कधी दाखवलीसुद्धा नाही."

"बघू," म्हणून नणंदबाईंनी व्ह्यूअर ओढून घेतला. त्यांनी दोनदा पाहिलं. "काहीतरीच काय! ही मी. हा ठिपक्यांचा फ्रॉक माझा."

"तुझे फ्रॉक मी सारखे नेत असे."

"आणि परत आणून देत नसायचीस. ते जाऊ दे. झारी कोणत्या हातात आहे बघ. डाव्या! अख्ख्या शाळेत डावखुरी मी एकटी होते, वहिनी."

'वहिनी' ऐकताच काकूंनी हिशेबाची वही मिटून ठेवली.

काका दोघींच्या मध्ये उभे. असा सिनेमा एका वेळी एकालाच दिसतो, त्यामुळे एक बघायची तेव्हा दुसरी काय दिसतंय ते बोलून दाखवायची, आणि बघणारी म्हणायची, तसं काही नाहीये. शेवटी वहिनी उसळून म्हणाल्या, "थांबा वन्सं! पाणी फेकते तो हात बघा. उजवा आहे."

काकांनी व्ह्यूअर घेतला. इतक्या वेळा बघूनही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पायऱ्या उतरताना आणि कुंड्यांना पाणी घालताना झारी डाव्या हातात. पाणी फेकताना उजव्या.

"मग ही कोण?" काका पुटपुटले.

त्यांनी दोघींची परवानगी घेऊन कॅसेट उघडली. नंबरची खुर्ची सोडून तिघीजणी टेबलाभोवती जमल्या, काकूसुद्धा. काकांनी चिमट्याने फिल्म उचलून दिव्याखाली धरली. टोकांचा जोड सोडून मधोमध आणखी एक जोड होता, ओबडधोबड, चिकटपट्टीचा.

"ह्यांचंच काम," वहिनी म्हणाल्या. "घाईघाईत केलेलं."

फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. जोडाच्या अलीकडे वरची बाजू चकचकीत होती, पलीकडे मंद. म्हणजे जोडताना एक तुकडा पालथा पडला होता. नेहमीच्या बारीक फिल्मला भोकं एका कडेला असतात, ती पालथी लावली तर चालतच नाही. ही जुन्या जातीची, भोकं मधोमध असलेली. ती खुशाल चालते. फक्त आरशात बघावं तशी, डाव्याचं उजवं होऊन.

काकांनी हे समजावून सांगितलं.

"म्हणजे," नणंदबाई म्हणाल्या, "दुसरा तुकडा उलटा लागलाय. तो सरळ केला की पूर्ण डावखुरी. म्हणजे मी."

"आणि पहिला उलटा लागला असेल तर?" वहिनी म्हणाल्या. "तो सरळ केला की पूर्ण उजवी. म्हणजे मी."

"बरोबर," काका म्हणाले.

"काय बरोबर? कोणाचं बरोबर?"

"दोघींचं."

काकांनी सरळ तुकडा कोणता ते शोधायचा खूप प्रयत्न केला. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म असेल तर मंद बाजू एकीकडे हवी, तिच्यावरून काढलेली प्रत असेल तर बरोबर दुसरीकडे. ही मूळ की प्रत, ते वहिनींना माहीत नव्हतं आणि सांगणारा माणूस उरला नव्हता. मग काकांनी मोठ्या भिंगातून चित्रात अक्षर शोधलं. अक्षर उलटं की सुलटं दिसलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पायऱ्यांच्या वर दार होतं, दारावर घराचा नंबर होता. काका आनंदाने ओरडलेच. नंबर होता इंग्रजी आठ. तीन चालला असता, सात चालला असता. आठ इकडून बघा नाहीतर तिकडून, आठच.

"दोन वेगळ्या मुली असतील का?" काकूंनी हळूच सुचवलं. "एक पहिल्या तुकड्यात, एक दुसऱ्या?"

त्याने तर दोघी जास्तच चिडल्या. अर्धं व्हायला कुणीच तयार नव्हतं.

काकांना आधी वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीवरून ह्या वयात काय भांडायचं. पण वहिनी फिल्मकडे बघत एकदम म्हणाल्या, "हे उभ्या जन्मात माझ्याशी गोड शब्द बोलले नाहीत हो. वाईट नव्हते. बोलतच नसत. आईवडिलांनी सांगितलं म्हणून लग्न केलं, असंच मी धरून चालले. ही मी असेन, तर त्यांनी आधीच मला..."

नणंदबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दादा लवकर नोकरीला बाहेर गेला. मी घरात आहे की नाही, ह्याची त्याला खबरही नसायची. माझा लहानपणीचा एक फोटो नव्हता त्याच्याकडे. म्हटलं, निदान हे तरी."

काका आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिले. ह्या दोघींच्या डोळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्या डोळ्यांत सत्तर वर्षांपूर्वी काय होतं ते कसं सांगणार? "मला खरंच कळत नाही," ते म्हणाले. त्यांनी फिल्म होती तशी कॅसेटमध्ये भरली आणि करडा व्ह्यूअर दोघींना देऊन टाकला. संग्रहातली वस्तू त्यांनी आजवर कधी कुणाला दिली नव्हती. काकू बघत राहिल्या.

"डोळ्यांचा एवढा माणूस, आणि ह्याला दिसत नाही," जाताना नणंदबाई म्हणाल्या.

नंतर बरेच दिवस काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुणाला नंबर तपासताना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' असं विचारलं आणि समोरचा 'दोन्ही सारखंच' म्हणाला की ते दचकायचे. त्यांना वाटायचं, तिकडे घरात काय चाललं असेल. बोलणं बंद झालं असेल. आपण उगीच ती काडी टाकली.

दोघी परत आल्या त्या एकमेकींचा हात धरून. नणंदबाईंचा नवा चष्मा तयार होता. वहिनींच्या पिशवीत करडा व्ह्यूअर.

"काका, आमचं ठरलंय," नणंदबाई म्हणाल्या. "चुकीचा तुकडा सरळ करून द्या. माझी चूक झाली. ती वहिनीच आहे."

काकांच्या जिवात जीव आला. "वा! मग छान."

"छान कसलं?" वहिनी म्हणाल्या. "ती ह्या वन्संच आहेत. मी रोज बघतेय. हसताना हनुवटी अशी वर उचलणं मला जन्मात जमलं नाही."

"आणि कॅमेरा किती हलतोय ते बघितलंस का?" नणंदबाई म्हणाल्या. "बहिणीची फिल्म घेताना दादाचा हात कशाला थरथरेल? समोर तू होतीस म्हणून."

"ह्यांचा हात सगळ्यातच थरथरायचा. बहिणीवर माया होती, वन्सं, तुम्हाला कळली नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. ही एकमेकींची समजूत काढणं आहे, की रोज बघून दोघींना खरंच तसं दिसायला लागलंय? विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी मुकाट्याने चिमटा आणि चिकटपट्टी काढली, कॅसेट उघडली, फिल्म दिव्याखाली धरली.

"कोणता तुकडा पालटू?"

"पहिला," नणंदबाई म्हणाल्या.

"दुसरा," वहिनी म्हणाल्या.

"पहिला! उजवी होऊ दे ती."

"दुसरा! अहो काका, माझं ऐका, डावी करा."

पहिल्या दिवशी ज्या जोरात भांडल्या त्याहून जास्त जोरात त्या भांडू लागल्या, फक्त आता एकमेकींच्या बाजूने. काका चिमट्यात फिल्म धरून उभे. काकूंनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. शेवटी काकांनी फिल्मला हातही न लावता कॅसेट बंद केली. "जशी आहे तशी चालतेय ना? चालू दे."

ह्यावर दोघी नाराज झाल्या, आणि नाराजीत त्यांचं तेवढ्यापुरतं एकमत झालं. वाद घालतच त्या रस्त्याला लागल्या.

"मग कोण ठरली?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"तू ऐकत होतीस ना? तूच सांग."

"मला दोन्ही वेळा पटलं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात काकांच्या लक्षात आलं की नणंदबाईंचा नवा चष्मा टेबलावरच राहिलाय. ते डबी घेऊन धावत सुटले आणि दोघींना कोपऱ्यावर गाठलं. धाप लागलेली, डोक्यात डावं-उजवं घोळत असलेलं, त्यांनी डबी चुकून वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती उघडली, आपला चष्मा काढून हा लावला, आणि रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"अय्या," त्या म्हणाल्या, "आता कसं अगदी स्वच्छ दिसतंय."