तळचं खत

रुखमाबाईच्या तोंडाला देऊळघाटात कोणी लागत नसे. विहिरीवर तिची घागर आली की बायका आपोआप बाजूला होत, आणि रुखमाबाईला ते मनापासून आवडे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून एका कारभाराखाली आलं, त्याला वर्षं लोटली होती. पण रुखमाबाई आणि तिची धाकटी जाऊ आशाबाई यांच्या एका अंगणाचा कारभार काही एक होईना. वाटणीत उकिरडा रुखमाबाईकडे गेला, त्यावरून ठिणगी पडली आणि दोघींनी अबोला धरला तो धरलाच.

अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. कोंबडीला, भिंतीला, वाऱ्याला उद्देशून रुखमाबाई जावेला यथेच्छ शिव्या घाली.

त्यात ते झाड आलं. आशाबाईचा नवरा गोपाळ बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर पट्टेवाला होता. साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेनं त्याला कुंडीतलं एक झुडूप दिलं. आस्ट्रेलियाचं म्हणे! गुडघ्याएवढं, सुईसारखी पानं, हिवाळ्यात आकड्यासारखी वळलेली लाल फुलं. आशाबाईनं ते अंगणाच्या कडेला मुरमात लावलं. वास नाही, देवाला चालत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण ही बया रोज त्याच्यापुढे उकिडवी बसून पानं निरखायची, आणि रुखमाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"साहेबाचं उष्टं झाड! माह्या उकिरड्याचं खत भेटनार नाही त्याले. वाळू दे तिथंच," ती कोंबडीला ऐकवी.

खत कोणी मागितलंच नाही. झुडूप मात्र त्या उपाशी मुरमात फोफावलं. आशाबाई मागायला येत नाही हा रुखमाबाईला तिचा माज वाटे.

मग एका पावसाळ्यात रुखमाबाईला ताप भरला. नवरा निवृत्ती दिवसभर शेतावर, लेक सासरी. गावातलं कोणी फिरकलं नाही, कशाला फिरकेल? पण दुपारी उंबऱ्यावर झाकलेली ताटली दिसली. ज्वारीच्या कण्या आणि ताक. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढे ताप उतरेपर्यंत रोज. ठेवणाऱ्या आशाबाईनं हाक मारली नाही, रुखमाबाईनंही ओ दिली नाही. कण्या खाताना तिला रडू येई, आणि रडू आलं म्हणून रागही येई.

बरी झाल्यावर तिला चैन पडेना. दोन गोड शब्द बोलावेत तर जीभ वळेना; ती सवयच राहिली नव्हती. आशाबाई माहेरी गेल्याचं पाहून तिनं उकिरडा तळापर्यंत खणला. तळचं जुनं खत, काळंभोर, हाताला मोकळं लागणारं. हे खत ती नवऱ्याला स्वतःच्या वावरातसुद्धा जपून टाकू देई. त्याची पाटी भरून तिनं झुडपाच्या बुडाशी ओतली, हातानं मातीत कालवली, वरून पाणी दिलं. आली की बघेल, असं म्हणत ती आयुष्यात पहिल्यांदा जावेची वाट पाहू लागली.

आशाबाई परतली तोवर पानं करपून गेली होती. तिनं विचारायच्या आधीच शेजारची मनकर्णाबाई कुंपणापाशी हजर.

"आनखी कोन करंल? माह्या डोयानं पाह्यलं. पाटी भरून ओतलं हिनं!"

गोपाळनं बुडाची माती चिवडली आणि कपाळाला हात लावला. "मडमेनं बजावलं होतं, याले खत म्हंजे जहर हाय. म्हनून तं आमी कधी मांगलं नाही."

 अंगण ओलांडून रुखमाबाई जावेसमोर आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"आशा, म्या भल्यासाठी टाकलं वं. तापात तू मले कण्या देल्या, म्हनून टाकलं. देवाशप्पथ."

आधी मनकर्णाबाई हसली, मग जमलेली सगळी गल्ली हसली. दुसरं कोणी असं बोललं असतं तर रुखमाबाईच सगळ्यांत मोठ्यानं हसली असती, आणि ते तिला ठाऊक होतं.

आशाबाई हसली नाही.

"जाऊबाई, आजवर तुमी मले शिव्या देल्या, त्या खऱ्या तरी होत्या," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.