डुकरांच्या काट्यावर शर्यतीची गाडी

"मामा, उतरतो म्या, पर आदी ते डुकार हाकला. माजा हातमोजा चगळतंय ते."

"हातमोजा खाईल, तुला न्हाय खात. उतर. तुज्यासकट तोललं तर गाडीचं वजान कसं कळायचं?"

"उतरायला जागा कुटाय? ह्या अंगाला कठडा, त्या अंगाला डुकरं. वरनं उडू का?"

"उड की. कोपऱ्यावर गाडी उडवतूस तवा इचारतूस का मला?"

शुक्रवारची सकाळ होती, जुलैचं ऊन होतं, आणि हे सगळं चाललं होतं आमच्या सान सिल्वेस्त्रो गावच्या सोसायटीत, डुकरं तोलायच्या काट्यावर. गाडीत अडकून बसलेला एर्मेस कातेल्लानी, वय चोवीस. त्याला खाली ओढणारा त्याच्या आईचा भाऊ ओरेस्ते. गाडी फॉर्म्युला थ्रीची: लांबट, चपटी, चारी चाकं अंगाबाहेर आणि मधे एका माणसापुरतं भोक. एर्मेसचे खांदे बापावर गेलेले. हिवाळ्यात घरोघरी डुक्कर कापून झालं की ते भोक त्याला आवळ व्हायचं, आणि पुढचे दोन महिने आई त्याच्या ताटात हात आखडून वाढायची.

मी त्या संघात मागचं डावं चाक बदलायला होतो. एरवी चीजच्या कारखान्यात दूध ढवळायचो. संघ म्हणजे आम्ही पाच जण, ओरेस्तेमामाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आणि तीन मालकांच्या हाताखालून आलेली गाडी.

शर्यतीचा नियम असा, की गाडी ठरलेल्या वजनाहून हलकी असता कामा नये. हलकी गाडी जोरात पळते, म्हणून जो तो त्या रेघेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो. रेघेच्या खाली गेला की बाद. मोठ्या संघांकडं स्वतःचे काटे असतात. आमच्याकडं डुकरांचा होता.

काट्यावर आर्जेंतीना गिदीनी बसायची. तिच्या आधी तिचा बाप बसला, त्याच्या आधी आजा. बाई आडव्या बांध्याची, बोलायला कमी. एर्मेस एकदाचा बाहेर पडला, तसं तिनं दांडीवरचं वजन बोटानं सरकवलं, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "साडेचार किलो जास्त हाय, ओरेस्ते."

ओरेस्तेमामाचा चेहरा उजळला. वजन भरायला सीटच्या खाली शिशाच्या पट्ट्या बोल्टनं आवळलेल्या होत्या. त्यानं पाना काढला आणि तिथंच, डुकरांच्या मधे उताणा पडून, एक पट्टी सोडवली.

"मामा, ऱ्हाऊ द्या की ती," एर्मेस म्हणाला. "वारानोला शर्यतीच्या जागी पोचलो की तितल्या काट्यावर बगू."

"तितं पंचवीस गाड्यांच्या मागं रांगंला उबं ऱ्हायाचं? आपल्या काट्यावर तोललंय न्हवं?"

एर्मेसनं ती पट्टी उचलून ट्रकमधे टाकली. आपल्या गावच्या काट्यावर तोललेलं परक्याच्या काट्यावर पुन्हा तोलणं म्हणजे आर्जेंतीनाच्या तोंडावर तिला खोटं पाडणं होतं.

एर्मेसचं शर्यतीचं वेड लहानपणापासूनचं. बाप डुकरांचा ट्रक चालवायचा. त्यानं झाडं कापायच्या यांत्रिक करवतीच्या इंजिनाची एक चिमुकली गाडी जोडून दिली, आणि हे बेणं नदीच्या बांधाखालच्या चिखलात दिवसभर ती आडवी-तिडवी घसरवायचं. पुढं गो-कार्टच्या, म्हणजे पोरांच्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतीत बाकीची पोरं पाऊस आला की बिचकायची, याला चेव यायचा. मग एका आसनाच्या धाकट्या गाड्या, त्यात चार हंगाम, आणि त्यानंतर मामाची ही जुनी फॉर्म्युला थ्री. पाचवा आला, सातवा आला, दोनदा इंजिन फुटलं. पहिला कधीच आला नाही. गाडी आता थकली होती आणि मामाही. हा शेवटचा हंगाम, हे न बोलता सगळ्यांना कळलेलं.

म्हणून वारानोच्या शर्यतीला एवढं महत्त्व. मिलानच्या एका मोठ्या संघाचा मालक, विस्मारा नावाचा, तिथं येणार होता. पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडं एक जागा रिकामी होती. तो एर्मेसला म्हणाला होता, "वारानोला मला काहीतरी करून दाखव. मग माझ्या गाडीत बसवून बघेन." ती जागा मिळाली तर एर्मेस शर्यतीचा चालक राहणार होता. नाही मिळाली तर ट्रॅक्टर होतेच.

वारानोला त्यानं दाखवलं. तिसऱ्या जागेवरून सुटला. पुढचा एक जण आपल्याच चुकीनं मातीत गेला. उरलेल्या एकाच्या शेपटाला एर्मेस गोचिडासारखा चिकटला. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी जिथं सगळे ब्रेक लावत, तिथं तो दर फेरीला थोडा उशिरा लावायचा. असं करत करत समोरच्याला घाम फुटला, त्याचं एक चाक वळणावर बाहेर गेलं, आणि आमची शेणाच्या रंगाची गाडी आतल्या अंगानं निघून गेली. एर्मेस पहिला आला. ओरेस्तेमामा रडला, आणि रडतोय हे दिसू नये म्हणून मला शिव्या देत राहिला. आम्ही लांब्रुस्को वाइनची बाटली उघडली, डुकराच्या मांसाच्या सलामीवर सुरी ठेवली, तेवढ्यात बोलावणं आलं.

गाडी साडेचार किलो हलकी भरली.

अधिकाऱ्यांनी सीट काढून बघितलं. खाली शिशाची पट्टी काढलेली, बोल्टची भोकं रिकामी, आटे ताजे चकाकत होते. चूक झाली म्हणायला जागाच उरली नाही. मुद्दाम काढलंय हे आंधळ्यालाही दिसावं. निकाल रद्द झाला. विस्मारानं ती भोकं वाकून बघितली, रुमालानं हात पुसले आणि एर्मेसला म्हणाला, "चालवतोस तू झकास. पण मला चोर नको." आणि गाडीत बसून निघून गेला.

परतताना ट्रकमधे, पार्मा शहर ओलांडल्यावर ओरेस्तेमामानं कपाळावर हात मारला.

"काटा," तो म्हणाला. "आयला, काटा."

आता हे सांगायलाच हवं. आमचा काटा शंभर किलोला एक किलो जास्त दाखवतो. आर्जेंतीनाच्या आज्याच्या वेळेपासून. डुकरं घ्यायला व्यापारी येतात, ती डुकरं काट्यावर चढतात, आणि गावाच्या पदरात थोडं जास्त पडतं. हे शेंबड्या पोरापासून पाद्रीबुवापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच कधी तोंडानं बोललं नव्हतं. पण काटा डुकरांना जास्त दाखवतो, एवढंच आमच्या डोक्यात बसलेलं. गाडीलाही जास्त दाखवील, हे पाच जणांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. ओरेस्तेमामाच्या तर नाहीच. त्याची सगळी हयात त्या काट्याला तेल घालण्यात गेलेली.

त्या आठवड्यात बारमधे दुसरा विषय नव्हता.

"इस्माराला सांगून टाकायचं, काटा खोटा हाय म्हून," मी म्हणालो.

"सांग की," म्हातारा उल्देरिको पत्त्यांवरनं नजर न काढता म्हणाला. घरात त्याची तीनशे डुकरं. "मग येत्या मंगळवारच्या बाजारात व्यापाऱ्याला तूच दूध पाज. डुकरं कोन घ्यायचं?"

"पोराला चोर म्हनत्यात, काका."

"एकट्याला म्हनत्यात. सांगितलंस तर समद्या गावाला म्हनतील."

एर्मेस कॉफीच्या कपाकडं बघत बसला होता. तो म्हणाला, "काका, म्या कुनाला सांगत न्हाय. पर त्याला हितं बोलावतो. त्येचं त्येला काय दिसंल ते दिसंल." आणि उठून आर्जेंतीनाकडं गेला. मीही गेलो बरोबर.

ती अंगणात वाटाणे सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं शेवटची शेंग संपवली.

"म्या काय बोलायची न्हाय," ती म्हणाली. "माज्या बापाचं नाव हाय त्या काट्यावर."

"बोलू नगा, मावशी."

"मंगळवारी बाजाराला काटा समद्यांना उगडा आसतो. कुनीबी यावं." मग टरफलं झाडत, "जेवलास का? वाळलाईस."

एर्मेसनं बारमधून मिलानला फोन लावला. विस्मारानं आधी फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा ऐकून घेतलं. त्याला तसंही पार्माच्या बाजूला हॅम घ्यायला यायचं होतं.

मंगळवारी तो आला. अंगावर पांढरा कोट, आणि बाजार डुकरांचा. एर्मेस बापाच्या ट्रकमधून डुकरं उतरवत होता. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, गाडी म्या ह्या काट्यावर तोलली हुती. जास्त भरली म्हून शिसं काडलं. आता तुमी बगा." एवढं बोलून त्यानं पुढचं डुक्कर उतरवलं.

विस्मारा काट्याभोवती फिरला. पंचवीस-तीस शेतकरी उभे, सगळ्यांना एकदम आभाळ बघावंसं वाटायला लागलं. भिंतीला मिठाची पोती रचलेली होती, कारखान्यातून शिलाई मारून आलेली, एकेक पन्नास किलोचं. विस्मारा म्हणाला, "ही आठ पोती ठेवा बघू."

एर्मेसनं आणि मी ठेवली. आर्जेंतीनानं वजन सरकवलं. तिचा आवाज हलला नाही.

"चारशे चार."

"आठ पन्नास चारशे होतात ना, बाई?" विस्मारा म्हणाला.

"मीठ वलं झालंय," उल्देरिको म्हणाला.

"हवा दमट हाय हितली," दुसऱ्यानं री ओढली. "नदी हाय जवळ."

"पोत्याचं बी वजान धरा की, साहेब."

"आनि उंदीर," मागून कुणीतरी म्हणालं. "पोत्यात उंदीर आसत्यात."

विस्मारा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. एर्मेसची मान खाली. त्याच्या मनात आलं असतं तर एका वाक्यात सुटला असता, पण तो बोलला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झालेल्या. आर्जेंतीनानं ते बघितलं. तिनं दांडीवरचा हात काढला आणि खुर्चीतून उठली. बाजाराच्या वेळी तिला उठलेली मी तेवढीच पाहिली.

"मीठ वलं न्हाय," ती म्हणाली. "काटा शंबराला किलो जास्त दावतो. माज्या आज्यापासनं. पोरानं काय केलं न्हाय. त्येची अक्कल मामावर गेलीया, तेवडाच दोष."

डुकरं तेवढी ओरडत होती. सगळ्यांचे डोळे आता व्यापाऱ्याकडं, बोर्गीकडं. हा बोर्गी वीस वर्षं आमची डुकरं नेत होता. तो ट्रकच्या पायरीवर बसून ब्रेडमधे मोर्तादेल्लाचे, डुकराच्या मांसाचे, काप घालून खात होता. त्यानं घास गिळला.

"मग? मला काय सांगताय?" तो म्हणाला. "माज्या सासऱ्यानं मला पयल्याच दिवशी सांगितलंय. म्हून तर सान सिल्वेस्त्रोला भाव शंबराला एकानं कमी लावतो म्या. तुमाला काय वाटलं, तुमची तोंडं बगून लावतो?"

उल्देरिकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. वीस वर्षं त्याला वाटत होतं आपण बोर्गीला फसवतोय.

विस्मारा हसला नाही. मिलानची माणसं पटकन हसत नाहीत. तो एर्मेसजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तू मला फोनवर सांगू शकला असतास."

"गावाचं हुतं, साहेब. माजं एकल्याचं न्हवतं."

विस्मारानं मान हलवली. "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ये वारानोला. आणि मामाला सांग, पाना घरी ठेवायचा."

एर्मेस गेला. विस्माराच्या गाडीत त्याचे खांदे मावले. त्या दिवशी वारानोला बारीक पाऊस होता, आणि मी तिथं होतो म्हणून सांगतो, दुसरे दोघे तरुण आले होते ते पावसाकडं बघत बसले, हा खुशाल फेऱ्या मारत होता. पण विस्मारा शेवटी एवढंच म्हणाला, "कळवतो."

पुढं काय झालं ते आमच्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. मिलानच्या संघात दोन हंगाम, तीन शर्यती जिंकलेल्या, त्यातली एक भर पावसात. मग वरच्या वर्गात एक वर्ष, मग पाय मोडला, बरा झाला, पुन्हा चालवली, आणि नंतर वारानोलाच नव्या चालकांना शिकवायचं काम. जगभर नाव झालं नाही. पण चोर कुणी म्हणालं नाही. आणि काटा आर्जेंतीनानं नीट करून घेतला. बोर्गीनं भाव वाढवला की नाही, यावर बारमधे अजून भांडणं होतात.

पण मला आठवतो तो फोन आला तो दिवस. बीट काढायचा ऐन हंगाम, आणि उल्देरिकोचं बीट काढायचं यंत्र शेतातच अडून बसलेलं. एर्मेस त्याच्याखाली चिखलात उताणा पडला होता. बारवाली सायकल मारत बांधापर्यंत आली आणि ओरडली, "एर्मेस, मिलानवाला फोनवर हाय, चल लौकर."

तो तसाच तिच्या सायकलवर बसून गेला, तिला मागं बसवून. थोड्या वेळात परत आला. आम्ही सगळे उभे.

"काय म्हनला?" ओरेस्तेमामानं विचारलं.

"मार्चपासनं ये म्हनला."

मामानं तोंड फिरवलं आणि मला शिवी घातली. उल्देरिकोनं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "मार्चला लई येळ हाय. आज काय करायचं? ढग आल्यात वर."

"आज काय, साखळी सुटलीया हिची," एर्मेस म्हणाला. तो गुडघ्यावर बसला, पाठ टेकली आणि यंत्राखाली सरकला. आतून हात बाहेर आला. "मामा, एकोनीसचा पाना द्या."