हाक न मारता घेतलेलं नाव

माझी लेक मुक्ता लिस्प नावाची संगणकाची भाषा शिकते आहे. दुपारी तिने मला हौसेने स्क्रीनसमोर बसवलं. कंसात बेरीज, दोन, तीन असं लिहिलं की यंत्र पाच म्हणतं. त्याच कंसाआधी एक बारीकसं अवतरणचिन्ह ठेवलं, तर बेरीज होतच नाही. लिहिलेलं जसंच्या तसं परत येतं.

"बिघडलं का गं?"

"नाही आई. ते आता कामाला लागत नाही, नुसतं आपल्यासमोर थांबतं. हे बघ." थांबलेल्या ओळीतली बेरीज काढून तिने गुणाकार घातला, मग यंत्राला ती चालवायला सांगितली. सहा आले!

संध्याकाळी शेजारच्या काकूंना मी हे रंगवून सांगत होते. बोलण्यात नाव आलं, तशी आतून मुक्ताच आली. "हाक मारलीस?"

"नाही गं, तुझ्या नावाला ते बारीक चिन्ह लावलं होतं."

काकू बघतच राहिल्या. मुक्ता खुदकन हसली आणि आत गेली.

दूध आण, दार लाव, म्हणत हे नाव मी दिवसभर कामाला लावते. आज ते नुसतं समोर ठेवलं आणि डोळे भरून पाहिलं.