साडेतीन पानांपुरता प्रकाशित

आजीला एकदा राष्ट्रीय पुरस्कार मिळणार होता हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे. मिळाला नाही हेही खरं, आणि त्याला तुमचे आजोबा कारणीभूत आहेत. ते आता हार घातलेल्या फोटोत बसले आहेत, उलट उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणून शक्य तितकं न्यायाने लिहिते.

त्या काळी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत घरटी एक मूल कॉम्प्युटरच्या जोरावर अमेरिकेत गेलं होतं, आणि मागोमाग एकेक आई बाळंतपणं करायला जात होती. सहा महिन्यांचा व्हिसा, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि विमानतळावर ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर. तुम्हा दोघांसाठी मीही दोनदा जाऊन आले. परतलेली प्रत्येक जण नायगाऱ्याचं वर्णन करी. उरलेले पाच महिने एकोणतीस दिवस काय केलं, ते कोणी सांगत नसे. मी ते लिहिलं.

वर्तमानपत्रात जाहिरात होती: खऱ्या अनुभवावरच्या निबंधासाठी राष्ट्रीय पुरस्कार, भाषा कोणतीही भारतीय, मजकूर स्वतःचा आणि कुठेही न छापलेला. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी दुसऱ्यांचंच लिखाण समजावून सांगत आले होते. एकदा तरी आपलं लिहिलेलं परक्या माणसाने वाचावं आणि चांगलं म्हणावं, एवढीच इच्छा होती. घरच्या माणसाचा उपयोग नव्हता. आजोबांनी सातही पानं वाचली आणि म्हणाले, “समास छान सोडला आहेस.”

काही महिन्यांनी पत्र आलं. अंतिम पाचांत निवड झाली होती. सोबत एक कागद होता. मजकूर पूर्वी प्रकाशित झालेला नाही, असं त्यावर सही करून कळवायचं होतं. मी पेन उघडलं.

“जरा थांब,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका काढली. संपादक तेच होते. स्मरणिका महिनाभर घरात होती, पण आमचा फोटो नसल्यामुळे मी उघडली नव्हती. आत माझा निबंध होता.

“अहो, हे काय?”

“पानं कमी पडत होती.”

“म्हणून बायकोचा निबंध?”

“नाहीतर सेक्रेटरींच्या कविता होत्या. तुझं बरं होतं.”

चाळीस वर्षांच्या संसारातली ही पहिली स्तुती. तीही नेमकी त्या दिवशी.

“सही करून टाक,” ते म्हणाले. “ती कोणी वाचत नाही.”

“मग छापता कशाला?”

“जाहिराती मिळतात.”

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला विचारलं, “स्मरणिका वाचलीत?”

“वाचली ना. फार सुंदर.”

“काय आवडलं?”

“आमच्या नातीचा फोटो.”

म्हणजे सही करायला हरकत नव्हती. पण पाच महिने एकोणतीस दिवस दडवणाऱ्या बायकांची मी सात पानं टिंगल केली होती. त्याच निबंधाखाली खोटी सही कशी करणार? शेवटी स्मरणिका नीट उघडून बघितली. ‘डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि’ इथे मजकूर संपला होता. खाली अर्धं पान: ‘प्रत्येक शुभप्रसंगी आमचा भाजक्या पोह्यांचा चिवडा’.

“जाहिरात ऐनवेळी आली,” संपादक म्हणाले.

मी समितीला स्मरणिका पाठवली, पान क्रमांकासह. कळवलं की निबंध साडेतीन पानांपुरता प्रकाशित आहे; उरलेली साडेतीन पानं आपल्या सर्व नियमांत बसतात.

उत्तर सभ्य होतं. अर्ध्या निबंधाची नियमांत तरतूद नाही, नाव वगळावं लागत आहे, क्षमस्व. टाइप केलेल्या मजकुराखाली एका परीक्षकांनी शाईने लिहिलं होतं: ‘निबंध फार आवडला. हा चिवडा कुठे मिळतो?’

मी ते पत्र दोनदा वाचलं. आजोबांनी एकदाच वाचलं, चप्पल घातली, आणि त्या परक्या माणसाला अर्धा किलो चिवडा पार्सल करून आले.

उरलेली साडेतीन पानं सोबत ठेवली आहेत. तुम्ही दोघंही त्यांतच जन्मता, त्यामुळे सरकारदरबारी काहीही नोंद असो, माझ्या लेखी अजून अप्रकाशित आहात. समास छान सोडला आहे.