सव्वीस जानेवारीची रोजी

बुंदीचा पुडा सेठनं माझ्या हातातून परत घेतला. सगळ्यांसमोर. वर झेंडा फडकत होता.

"देश के नाम पे भी रोजी मांगती है? बजाओ रे, इसके लिए ताली बजाओ!"

टाळ्या वाजल्या. सेठच्या सुनांनी वाजवल्या, ड्रायव्हरनं वाजवल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुखमतीनंही वाजवल्या, मान खाली घालून. सेठचा राग आलाच. पण जिव्हारी लागल्या त्या सुखमतीच्या टाळ्या.

असं काय विचारलं होतं मी? सव्वीस जानेवारीची सुट्टी भरपगारी असते, मग आजची पूर्ण रोजी द्याल ना, एवढंच.

रायपूरच्या बाहेर आमची ही राईस मिल. उकडलेला धान अंगणात पसरायचा आणि उन्हात पायांनी फिरवत राहायचा, हे आम्हा बायांचं काम. झेंड्यासाठी अंगण मोकळं हवं, म्हणून त्या दिवशी उजाडायच्या आत बोलावतात. धान गोळा करा, झाडा, चुन्याच्या रेघा मारा, मग रांगेत उभ्या राहा. पुडा हातात पडला की तोच धान पुन्हा पसरा. आणि रोजी अर्धी. कारण सकाळचं ते काम नसतं म्हणे, कार्यक्रम असतो!

बोनसचंही तेच रडगाणं. बोनस वाटतात दिवाळीला आणि आमचा सीझन सुरू होतो दिवाळीनंतर. दिवाळीला आम्ही मिलच्या कुणीच नसतो. मागायला गेलं की विचारतात, तू होतीस कुठे? ऐकून ऐकून कान किटले. थकले होते मी. भांडायलाही अंगात ताकद लागते.

मुनीम मराठी माणूस, ब्राह्मणपारा मोहल्ल्यात राहणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काहून तमाशा करून राहिली बाई? आपल्या मराठी लोकांचं नाव खराब होते. जा, सेठच्या पाया पड."

आपल्या लोकांचं! एकदा याच्या घरी तांदूळ पोचवायला गेले होते, तेव्हा याच्या बायकोनं पाणी वरून माझ्या ओंजळीत ओतलं होतं. तेव्हा मी कुणाची होते?

सेठ ओरडला, "चलो, धान फैलाओ!" बाया वाकल्या. मी अंगणाच्या कडेला गेले आणि पाय लांब करून बसले. इतक्या वर्षांत त्या अंगणात मी कधी बसले नव्हते. पोटऱ्या ठणकत होत्या. भीतीही वाटत होती, घरात कमावणारी मी एकटीच.

सुखमती टोपलं घेऊन जवळून गेली. "उठ दीदी, निकाल दिही तोला," पुटपुटली. कामावरून काढून टाकतील म्हणे. मी हलले नाही. माझ्यासोबत कुणी बसलंही नाही.

मुनीम तरातरा आला. "उद्यापासून येऊ नको."

"उद्या येईन," मी म्हटलं. "आज सुट्टी आहे. फाटक लावून घेतलं, तर कामगार ऑफिसात जाईन. आजची रोजी मागीन, बोनसही मागीन. पाया मात्र पडणार नाही."