इंजिनाचा मुद्देमाल

शनिवार पेठेत राहून मोटारबोट घेणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. आमच्या ह्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण लोकांकडे संशयाने बघण्यात ह्यांची स्वतःची तीस वर्षं गेली होती. गोड्या तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीची खूण असायची. घरात स्वयंपाक मीच करते, तेल मीच वापरते; मग खूण कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. "सवय आहे," म्हणाले.

सर्व्हे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर, शहाऐंशी साली, ह्यांनी खडकवासल्याच्या एका हौशी नौका मंडळाने मोडीत काढलेली लाकडी बोट घेतली. तिच्यात जुन्या जीपचं इंजिन होतं. तलावाचं पाणी बुडाच्या नळीतून आत यायचं, इंजिन गार करायचं आणि मागच्या पाइपातून बाहेर पडायचं. मला हे पाठ आहे, कारण पुढे सहा महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

मंडळाच्या बोटी राखायला काठावरच्याच गावातला गेनबा रोजंदारीवर होता. आम्ही गेलो की माझ्या हातात मक्याची चार कणसं ठेवायचा. ती घरी आणल्यावर हे विचारायचे, "हा आपल्याला कणसं का देतो?"

पावसाळाभर बोट काठाला बांधून होती. ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही ती तलावात फिरवायला काढली. तलावाच्या मध्यावर जळका वास सुटला, आत काहीतरी करकरलं आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. गेनबा होडी वल्हवत आला, दोर टाकला आणि इंजिनावर हात धरून म्हणाला, "लई तापलंय सायेब. पानी चढंना वाटतं."

"तुला न उघडता कसं कळलं?" ह्यांनी लगेच धरलं.

गेनबाने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि वल्ही मारू लागला.

काठावर पाच-दहा माणसं उभी होती. त्यांच्यादेखत हे म्हणाले, "पावसाळाभर बोट तुझ्या ताब्यात होती. इथे दुसरं कोण येतं?" घरी आल्याबरोबर मंडळाच्या चिटणीसांना अर्ज लिहिला. गेनबाने हेतुपुरस्सर इंजिन बिघडवलं, त्याला कामावरून दूर करावं. पण माणूस तत्त्वाचा. पुराव्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, म्हणून तो रेडिओखाली ठेवला. ह्यांचं वजन मंडळात होतं. अर्ज गेला असता तर गेनबाची रोजंदारी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती, आणि त्याचं घर तेवढ्यावरच चालत होतं. रोज रेडिओ पुसताना तो कागद माझ्या हाताला लागायचा.

मेकॅनिकला इंजिन द्यायचा प्रश्नच नव्हता. मेकॅनिक पार्ट बदलतात, असं ह्यांचं मत. इंजिन टेंपोतून आणून आमच्या जिन्याखाली ठेवलं. ते जाम झालं होतं. ह्यांनी वरून रॉकेल आणि तेल सोडलं, आठ दिवस मुरू दिलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोकत एकेक पिस्टन मोकळा केला. निघालेला प्रत्येक भाग ड्रॉइंग काढून, चिठ्ठी बांधून, वर्तमानपत्रावर मांडला. त्याला हे मुद्देमाल म्हणत. मी त्याला पसारा म्हणत असे.

आधी ऑइलमध्ये वाळू शोधली, सापडली नाही. पेट्रोलच्या टाकीत साखर शोधली, तीही नव्हती. मग पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र करपलेलं निघालं, तेव्हा स्वारी खूश. "पाण्याविना चाललंय. म्हणजे बुडाच्या नळीत बोळा कोंबलाय!"

सिलिंडर कसबा पेठेत दीनानाथच्या लेथवर घासून घेतले. काम चालू असताना हे तीन दिवस समोर स्टूल टाकून बसले. शेवटी दीनानाथ म्हणाला, "काका, आपण घरी जा. मीही इथेच राहतो, पळून जात नाही." हे गेले नाहीत. मोठ्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा, गॅस्केट, सगळं एकट्याने बसवलं. एकोणसाठाव्या वर्षी, कंबर धरून, पण बसवलं. त्या वेळी मला ह्यांचा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

एप्रिलमध्ये इंजिन बोटीत परत बसवलं. मग बोळा काढायला हे फळ्यांखाली शिरले आणि ओरडतच बाहेर आले. बोळा नव्हता. नळीच्या तोंडाशी पाणी बंद करायचा पितळी कॉक होता, तो बंद होता, आणि त्याची दांडीच नाहीशी झाली होती.

"कॉक बंद करून दांडी पळवली! आता बोल. उद्या अर्ज देतो."

मला तशी पितळी दांडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. घरी येऊन शिवणाच्या मशीनचा खण उपसला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी होती, आणि तिला ह्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी बांधलेली: 'बोटीचा कॉक. पावसाळ्यात कोणी नळी काढून बोट बुडवू नये म्हणून बंद केला. ८ जून. कोणास सांगू नये.'

मी अर्ज काढला, त्यावर दांडी ठेवली आणि दोन्ही चहाबरोबर ह्यांच्यापुढे ठेवलं. चहा निवला तरी कप उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून बस धरून आम्ही खडकवासल्याला गेलो. गेनबा काठावर होडी उपडी घालून तिला डांबर लावत होता. ह्यांनी दांडी पुढे केली. "गेनबा, चूक माझी होती. कॉक मीच बंद केला होता."

"मला ठावं हाय," गेनबा हातातलं काम न थांबवता म्हणाला. "जूनला तुमी बंद करताना म्या बगितलं."

"मग सांगितलं का नाहीस रे? सहा महिने!"

"सांगितलं असतं, तर म्याच केला म्हनला असता तुमी."

मला त्याच्यापुढे उभं राहायची लाज वाटली. ऑक्टोबरात होडीतून त्याने माझ्याकडे पाहिलं होतं, ते मी बोलेन म्हणून. मी गप्प बसले होते.

मग ह्यांनी तीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. दांडी गेनबाच्या हाती द्यायला गेले. "आजपासून ही तुझ्याकडे ठेव."

गेनबाने डांबराचे दोन्ही हात मागे घेतले.

"नगं सायेब," तो म्हणाला. "माझ्याकडनं हरवली तर?"