ओपनरचा पहिला झुरका

बदलापूरच्या मैदानावर आम्ही नशामुक्तीची पत्रकं वाटत होतो. सेमीफायनल जिंकलेली टीम टेम्पोमागे गोल बसली होती. त्यांच्यात गांजाची सिगारेट बॅटिंगच्या क्रमाने फिरते. तिशीतला ओपनर तेवढा पत्रक वाचत होता. बॅट मांडीवर आडवी, बोट ओळीवर.

"पटतंय ना? मग ओढता कशाला?" मी तडकून विचारलं.

"मागच्या मॅचला नाही म्हटलं, ताई. मला डायरेक्ट अकराव्या नंबरला टाकलं."

"ए ओपनर, इनिंग चालू कर ना!" कॅप्टन ओरडला. "उद्या फायनल खेळायचीय की पत्रकं वाटायचीत?"

सगळे हसले. माझ्याकडे न बघता त्याने झुरका घेतला.

राग आला तो आमचाच. पत्रकात आम्ही 'नाही म्हणा' एवढंच छापलं होतं. नाही म्हणणाऱ्याचा बॅटिंगचा नंबर काढून घेऊ नका, असं कॅप्टनला कुणीच बजावलं नव्हतं.